आठवी ओळ

"ही लक्ष्मीबाई कोण?"

गुरुप्रसाद साहेबांनी पट्टा कटिंगच्या टेबलावर उलटा टाकला. दर्शनी बाजूचे जाड पितळी पत्रे लाकडावर आपटले आणि आतली, अंगाला लागणारी कातड्याची बाजू वर आली. तिच्यावर एकाखाली एक आठ नावं होती. त्यांतली सात इंग्रजी अक्षरांत, प्रत्येकापुढे साल. आठवं मराठीत.

धनाजीने मशीनच्या पेडलवरून पाय काढला. "माजी आई," तो म्हणाला.

"तुझी आई मेक्सिकोची चॅम्पियन होती?"

"न्हाई जी. चपलांच्या वेण्या घालायची."

शेजारच्या मशीनवर इरशाद खाली मान घालून हसला. मग साहेबांचं तोंड बघून त्याने ते हसू गिळलं आणि नसलेला दोरा सुईत ओवायला लागला.

शनिवारची दुपार होती. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या सीटा, सोफे, मजलिसच्या म्हणजे अरबी बैठकीच्या गाद्या असं काय काय शिवून बाहेर पडायचं. गुरुप्रसाद साहेब पुण्याचे, कंपनीचे ऑपरेशन्स मॅनेजर. वर्कशॉप त्यांच्याकडे होतंच, पण आता लुसैलमधल्या कार्यक्रमांची कंत्राटंही तेच बघायचे. त्यातच हे मेक्सिकोचे पैलवान आले होते. तोंडावर मुखवटे बांधून, दोरावरून उड्या मारत कुस्ती खेळणारे. त्यांच्या किताबाचा पट्टा चाळीस वर्षांच्या घामाने कुजला होता, आणि दोह्यात उतरल्यावर पिशवीतून काढताना मधोमध तुटला.

मंगळवारी साहेबांनी तो धनाजीपुढे ठेवला होता. "पत्रे तेच, कातडं नवं. दोन दिवसांत. आणि आतली नावं जशीच्या तशी उतरव." नावं कुणाची, ते साहेबांनी सांगितलं नाही. धनाजीनेही विचारलं नाही, कारण त्याला वाटलं की हे आपल्याला ठाऊक आहे.

त्याच्या गावात, कागलच्या अलीकडे, देवळाच्या ढोलावर नवं कातडं चढवलं की चढवणारा ढोलाच्या आत आपली खूण करायचा. आज्याची खूण होती, तिच्याखाली बापाची. बाहेरून ढोल देवाचा, आतून चांभाराचा. परक्या माणसाला हे कधी दिसत नसे, आणि दिसावं असं कुणाला वाटतही नसे. हा जुना पट्टा उलटा केला तर आत सात नावं, सात वेगवेगळ्या हातांची अक्षरं, पुढे सालं. धनाजीला वाटलं, मेक्सिकोतही आपल्यासारखीच माणसं आहेत म्हणायची. ज्याने ज्याने पट्टा दुरुस्त केला त्याने त्याने आत नाव घातलं. सात जण झाले, आता आठवा मी.

तापवलेल्या आरीने त्याने सातही नावं हुबेहूब उतरवली. आठव्या ओळीवर आरी टेकवली आणि त्याचा हात थांबला. पट्ट्याच्या कडेने त्याने कातड्याच्या बारीक वाद्या घेऊन तिपेडी वेणी गुंफली होती. ती वेणी आईची. गावात चपलेचा तळ पुरुष कापत, वेणी बायका घालत. लक्ष्मीबाईने चाळीस वर्षं वेण्या घातल्या. बोटांची टोकं अशी फुटली होती की भाकरी थापताना पीठ भेगांत जाऊन बसायचं. चपलेवर शिक्का मात्र नेहमी दुसऱ्याचा. आधी बापाचा, मग कोल्हापुरातल्या दुकानदाराचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हा धनाजी याच टेबलावर एका टॉवरच्या बोर्डरूमच्या खुर्च्या मढवत होता. रजेचा अर्ज गुरुप्रसाद साहेबांकडेच होता. "डेडलाइन आहे रे, एक आठवडा थांब," ते म्हणाले होते. रजा मंजूर झाली तेव्हा गावाकडे तेराव्याच्या पंगती उठल्या होत्या.

त्याने आठव्या ओळीवर लक्ष्मीबाई लिहिलं. पुढे साल घातलं नाही. कुठलं घालणार.

"सात चॅम्पियन आहेत ते, सात," साहेब आता म्हणत होते. "चाळीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी किताब जिंकला ते. आठवी जागा आज जो जिंकेल त्याची. त्यांचा अधिकारी फोटो काढून मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवत होता. मला विचारतो, हे कुठलं डिझाइन आहे? मी काय सांगू? आमच्या कारागिराच्या मातोश्री?"

धनाजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चूक आपली आहे हे त्याला कळलं. आपण सात मोठ्या पैलवानांना चांभार समजलो. एरवी यावर तोच सगळ्यांत आधी हसला असता.

"चुकलं साहेब. मला वाटलं, शिवणाऱ्यांची नावं हाईत."

"शिवणाऱ्यांची." साहेबांनी मान हलवली. "चपला शिवणाऱ्यांची नावं कोण लिहितं रे? अक्कल गहाण टाकलीस का? चल, खरवडून काढ. यल्ला. पाचला खेळ आहे."

चूक झाली हे धनाजीच्या मनात होतं तोवर तो वाकलेला होता. त्या वाक्यासरशी तो सरळ झाला.

"न्हाई काढायचो," तो म्हणाला.

"काय?"

"आईचं नाव हाय. माज्या हातानं न्हाई काढायचो. तुमी म्हणत असाल तर आख्खा पट्टा नवा करतो. रात्रभर बसतो. पण ह्येच्यावर रापी चालवायची न्हाई."

"पाचला खेळ आहे म्हणतोय ना मी. इरशाद, तू कर."

इरशादने हात वर धरून बोटं पाहिली, जणू ती आजच उगवली होती. "साहब, मैं तो सिलाई का आदमी हूँ. छीलने का काम मेरे हाथ में नहीं बैठता."

हा इरशाद गेल्या महिन्यात अख्ख्या बसच्या सीटांचं कातडं खरवडून मोकळा झाला होता. साहेबांना ते ठाऊक होतं. ते इरशादकडे बघत राहिले, इरशाद सुईकडे.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांनी बाह्या दुमडल्या आणि टेबलावरची कातडं तासायची रापी उचलली.

त्यांनी ती पेन धरावं तशी धरली होती. पहिल्याच ओढीला पातं घसरलं आणि सातव्या नावाच्या शेपटीला ओरखडा गेला. दुसऱ्या ओढीला त्यांनी जोर केला. पातं कातड्यात तिरपं रुतलं. आणखी नखभर गेलं असतं तर कडेच्या वेणीचा पहिला पेड तुटला असता.

धनाजीने त्यांचं मनगट पकडलं.

वर्कशॉपमधली सगळी मशीनं थांबली. मॅनेजरच्या अंगाला हात लावणं म्हणजे काय, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. परतीचं विमान, दुसरं काय.

"सोडा," धनाजी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "सोडा ती रापी. वेणी तुटंल."

साहेबांनी सोडली.

धनाजीने रापी पाण्यात बुडवून दगडावर चार वेळा ओढली. पट्टा मांडीवर घेतला. कातडं बोटाने ताणून धरलं आणि पातं जवळजवळ आडवं ठेवून वरचा पापुद्रा काढायला लागला. लक्ष्मीबाईतली शेवटची ई आधी गेली, मग बा. परक्याच्या हाताने आईच्या अंगावर जखमा होण्यापेक्षा हे बरं, एवढंच त्याच्या मनात होतं. पापुद्रे कांद्याच्या सालीसारखे पातळ निघत होते. ते त्याने खाली पडू दिले नाहीत. एकेक उचलून शर्टाच्या खिशात टाकला. दहा मिनिटांत आठव्या ओळीवर बोटभर रुंदीची फिकट, लवदार जागा उरली.

"बघ, झालं की नाही? उगाच एवढं," साहेब म्हणाले. मनगट चोळत होते. "चल गाडीत बस. तिथे परत काही उसवलं तर माणूस हवा."

लुसैलच्या ट्रामच्या थांब्याजवळ सिग्नलला गाडी थांबली तेव्हा साहेब म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. कामात असं होतं." धनाजी काचेबाहेर बघत राहिला. आतून त्याला इतका राग आला होता की तोंड उघडलं तर शिवीच बाहेर पडली असती, आणि त्या रागात स्वतःचीही लाज मिसळली होती. पट्टा वाचवायला आईचं नाव आपल्याच हाताने काढलं याची.

हॉलच्या मागच्या बाजूला रिफत भेटली. दोह्यातच वाढलेली, हैद्राबादी घरातली मुलगी; कुठल्याशा कॉलेजात स्पॅनिश शिकली होती म्हणून पैलवानांची दुभाषी झाली होती. तिने धनाजीला पडद्याशेजारी खुर्ची दिली आणि खेळ समजावून सांगितला. तीन डाव, त्यांतले दोन जिंकेल त्याचा किताब. चॅम्पियन एल कान्तेरो, म्हणजे पाथरवट. करडा मुखवटा, पन्नाशी गाठलेली, अकरा वर्षं पट्टा त्याच्याकडे. समोर हिरव्या मुखवट्याचा पोरगेला पैलवान.

"आज पट्टा हिरवेवाले के पास जाएगा," ती म्हणाली.

"तुम्हें कैसे पता?"

"तय है, चाचा. इनमें ऐसा ही होता है. बूढ़े के घुटने गए."

धनाजी साहेबांकडे वळला. साहेब शेजारीच उभे राहून फोनवर बोटं फिरवत होते.

"ऐकलं का साहेब? ठरवून केल्याली कुस्ती. आमच्याकडं नुरा म्हणत्यात. आखाड्यात असं दिसलं तर लोक चपला मारत्यात." तो श्वास घ्यायला थांबला. "जिंकणार कोण ते आधीच ठरल्यालं. ते खरं. आन माज्या आईनं चाळीस वर्षं घातल्याली वेणी, तिचं नाव तेवढं खोटं. व्हय?"

साहेबांनी फोन खिशात टाकला. थोडं पुढे जाऊन उभे राहिले.

धनाजीला आखाड्यातलं कळत होतं. म्हणून खेळ सुरू झाल्यावर त्याला एक गोष्ट दिसली, जी त्या हॉलमधल्या बाकीच्यांना दिसली नसेल. निकाल ठरलेला होता, पण म्हातारा पडत होता तो खराच पडत होता. पाठ फळ्यांवर आपटल्यावर उठताना त्याचा डावा गुडघा दर वेळी थरथरायचा, आणि तरी तो दोरावर चढायचा. पहिला डाव त्याने घेतला. दुसरा गेला. तिसऱ्यात तो पडला आणि पडूनच राहिला, पंचाचं मोजून होईपर्यंत. त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल, काढ आता पट्टा. आणि दुसऱ्याच्या हाताने होण्यापेक्षा तो स्वतःच करत असेल. धनाजीने नजर फिरवली.

या किताबाची एक रीत होती, ती रिफतने सांगितली. हरलेला चॅम्पियन जिंकणाऱ्याचं नाव स्वतःच्या हाताने पट्ट्याच्या आत लिहितो, आणि मगच पट्टा त्याच्या कमरेला बांधतो.

कपडे बदलायच्या खोलीत दहाबारा माणसं दाटली होती. फोटोवाला, मेक्सिकोचा अधिकारी, साहेब, रिफत, आणि कडेला आपली पिशवी घेऊन धनाजी. एल कान्तेरो बाकावर बसला होता. मुखवटा तसाच, ओला. गुडघ्यावर बर्फ. त्याने पट्टा उलटा करून मांडीवर घेतला आणि नावांवरून अंगठा फिरवत खाली आला. स्वतःच्या नावावर क्षणभर थांबला. त्याच्याखाली अंगठा लवदार कातड्याला लागला आणि तिथेच राहिला. त्याने काहीतरी विचारलं.

"छोटा डिफेक्ट होता. रेक्टिफाय केला," साहेब इंग्रजीत घाईने म्हणाले.

रिफत धनाजीकडे वळली. "चाचा, यहाँ क्या था?"

धनाजीने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"मेरी माँ का नाम था," धनाजी म्हणाला. "इन्होंने निकलवाया."

रिफतने ते सांगितलं. म्हाताऱ्याने आणखी विचारलं.

"पूछ रहे हैं, क्या करती थीं."

"चमड़े का काम. यह जो किनारा है, यह उसका है."

एल कान्तेरोने पट्टा वळवून वेणी पाहिली. मुखवट्यामागे चेहऱ्याचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. बाहेर लोक ओरडत होते, फोटोवाला खोळंबला होता. म्हाताऱ्याने टोपण काढलं आणि पेन आठव्या ओळीवर नेलं.

"वहाँ मत लिखो," धनाजी म्हणाला. "ऊपर की खाल निकल गई है. स्याही फैलेगी. नाम का धब्बा बनेगा."

पेन थांबलं.

"अरे, मग कर ना काहीतरी," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "पॉलिश बिलिश. तुझ्याकडे असतं ना?"

"त्येला कायबी होत न्हाई, साहेब."

होत होतं. डिंकाचं पाणी फिरवून हाडाच्या तुकड्याने घासलं असतं, तर पाच मिनिटांत त्या जागेवर काचेसारखी झिलई आली असती आणि कुठलीही शाई बसली असती. डिंकाची डबी त्याच्या पिशवीत होती. पिशवी त्याच्या पायाशी होती. धनाजीने ती टाचेने मागच्या खुर्चीखाली सरकवली.

म्हाताऱ्याने पेन उचललं, बोटभर खाली आणलं आणि हिरव्या मुखवट्याच्या पोराचं नाव नवव्या ओळीवर लिहिलं. सावकाश, शाळेतल्या मुलासारखं. मेक्सिकोचा अधिकारी वाकून बघत रिफतला काही म्हणाला. त्याला ते पसंत पडलं नव्हतं.

"कह रहे हैं," रिफत म्हणाली, "जो पढ़ेगा वो समझेगा, बीच में ख़िताब कुछ दिन ख़ाली था. किसी के पास नहीं था."

"समझने दो," धनाजी म्हणाला.

एल कान्तेरो उठला, एका हाताने भिंत धरून. पोराच्या कमरेभोवती पट्टा घातला, बक्कल लावलं. वेणी कुठे पिळली होती ती त्याने बोटाने सरळ केली. मग दार उघडलं आणि सगळे त्या पोरामागून उजेडाकडे गेले.