वरच्या खुणेपर्यंत भरलेले तेल

मित्रांनो, मोटारीचे बोनेट उघडले की इंजिनाच्या कडेला एक पिवळी कडी दिसते. ती ओढल्यावर जी लांब, लवलवती पट्टी बाहेर येते, ती मी. इंजिनात तेल किती आहे, एवढेच सांगायला माझा जन्म झाला. कारखान्यात माझ्या अंगावर दोन खुणा पाडल्या. तेल खालच्या खुणेखाली उतरू नये, वरच्या खुणेवर चढू नये.

माझा पहिला मालक बुऱ्हाणपुरातला कापडव्यापारी. तो मला पुसायचा, बुडवायचा आणि म्हणायचा, "ही कधी खोटं बोलत नाही." मी फुलून जायचे. पुढे गाडी शेडमध्ये पडून राहिली. मला कोणी विचारले नाही. मग ती लोटूभाऊंनी घेतली. त्यांचा जन्म पावरलूमचे माग चालवण्यात गेला होता.

त्यांची लेक निशा जंगलापलीकडच्या देडतलाईला सासरी होती. पहिले बाळंतपण जवळ आलेले. तिला माहेरी आणायचे होते. निघायच्या सकाळी लोटूभाऊंनी मला ओढले. तेल कमी होते. त्यांनी घरातल्या डब्यातले तेल ओतले आणि मला पुन्हा पाहिले. बरोबर वरची खूण! ते खूश झाले.

तेवढ्यात त्यांची बायको सोजरबाई बाहेर आली.

"तुमच्या हाताला कशाचा वास येतो? हे तर मागाचं तेल!"

"मग काय झालं? पाण्यासारखं साफ आहे. पट्टी पाह्य, पूरं भरेल आहे."

"भरेल आहे, पण काय भरेल आहे? माग कुठं तापतो इंजिनासारखा? जंगलात गाडी जाम झाली, तर भरल्या दिवसांच्या पोरीला रस्त्यावर बसवाल? चावी द्या इकडं. आधी रोहितला बोलवा."

मी वरमले. मी खोटे बोलले नव्हते, तरी माझ्या भरवशावर निशा वाटेत अडकली असती.

गल्लीतला मेकॅनिक रोहित आला. त्याने खालचा बोल्ट काढून सगळे तेल सोडून दिले.

"काका, हे पातळ तेल गरम इंजिनात टिकत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, त्याच नंबरचं आणतो. फिल्टर पण नवा लागेल."

"जुना रॉकेलनं धुऊन लाव ना."

"आत कागद आहे काका. कागद कोणी धुतं का?"

"हे धुतील," सोजरबाई म्हणाली. "यांची बनियान पाह्य, धुऊन धुऊन कागदच झाली!"

लोटूभाऊसुद्धा हसले.

नवे तेल आणि नवा फिल्टर घालून दोघे देडतलाईला गेले. संध्याकाळी परतताना निशा आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती. दारात उतरताना म्हणाली, "बाबा, गाडी इतकी आरामात चालली, मला समजलंच नाही कधी आलो."

"तुझ्या आईला सांग ते," लोटूभाऊ म्हणाले आणि तिची पिशवी उचलली.

मित्रांनो, गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोडे थांबा आणि मला जरूर पाहा. पण मला फक्त तेलाची उंची कळते. ते कोणते आहे, हे ओतण्याआधी तुम्हीच पाहायचे. गाडीत तुमचीच माणसे बसणार असतात.