आकांक्षाची गाडी हलली नाही

सकाळी साडेआठला मच्छीमार नगरात, किनाऱ्याला बांधलेल्या होडीवर खेळण्यातल्या चार गाड्या आपोआप धावू लागल्या. पाचवी, आकांक्षाची, जागची हलली नाही.

किनाऱ्यावर बोंबील वाळत होते, म्हणून अँड्रिया मॅडमनी वर्ग होडीच्या फळ्यांवर भरवला होता. हातातला रिमोट कलला की गाडी धावते. पण कलणं अगदी बारीक असेल तर तिने थांबून राहावं, असा प्रोग्रॅम लिहायचा होता. होडी डुलली आणि चौघांचे प्रोग्रॅम फसले.

"हिचा सेल संपलाय," त्या चौघांतला धनेश म्हणाला. आकांक्षाने हात वाकवला, तशी गाडी थेट त्याच्या पायावर गेली.

"शाब्बास! पुढच्या तुकडीला तूच शिकव," मॅडम म्हणाल्या.

महिनाभर ती याचीच वाट पाहत होती. तरी तिला राहवेना. "मॅडम, ही करामत प्रोग्रॅमची की माझ्या हाताची? बाबांच्या होडीवर मी लहानपणापासून चहा न सांडता नेते."

"मग हात काढून बघू या."

तिने रिमोट फळीवर ठेवला. गाडी हलली नाही, पण आता होडीही हलत नव्हती. वारा पडला होता. साडेनऊला वर्ग सुटला, तरी सगळे लाटेची वाट बघत बसले होते.