बिजलीच्या पसंतीची गाडी

चोवीस वर्षं मी उदयसिंह मालकांची जीप चालवली आणि चोवीस वर्षं त्यांनी मागे बसून मला ड्रायव्हिंग शिकवलं. स्वतःला सायकल धड येत नाही, पण समोर नुसतं कुत्रं दिसलं तरी माझ्या सीटला पाय लावून ओरडणार, "हळू, ज्ञानू, हळू!" गाडी विसाच्या वेगात असो नाहीतर गेट उघडायची वाट बघत उभी असो. मी दर वेळी एकच उत्तर द्यायचो, "हळूच हाय की!" तेवढ्यावर ते पुढच्या कुत्र्यापर्यंत गप्प बसायचे.

यंदा गणपतीनंतर जीपनं अंग टाकलं. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि काही न बोलता पुन्हा लावलं. आता मालकांचा कागल रस्त्याला चाळीस म्हशींचा गोठा. पाडव्याला म्हशी पळवायच्या तर पुढे गाडी हवीच. आमच्या कोल्हापुरात दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवतात, गोंडे बांधतात, मोरपिसं लावतात आणि मालकाच्या गाडीमागून गर्दीतून पळवतात. दोरी नाही, दावं नाही. म्हशीनं आपल्या गाडीचा आवाज ओळखून मागे यायचं. बाकीचे लोक मोटरसायकल काढतात. आमची बिजली मात्र पहिल्यापासून जीपमागे धावणारी. गेल्या वर्षी तिच्या कौतुकात मालकांचे तीन फेटे सुटले होते.

"मोठीच घ्यायची," मालक म्हणाले. "गाडी आशी पायजे की समोरचा माणूस आधी बाजूला झाला पायजे, मग त्यानं बघितलं पायजे."

शोरूममध्ये अशा दोन गाड्या होत्या. एक पांढरी, एक काळी. दोन्ही सात माणसांच्या, दोन्ही आमच्या गल्लीत शिरल्या तर गल्लीनं बाहेर थांबावं एवढ्या. माहिती द्यायला श्रीशैल नावाचा पोरगा होता. मूळचा सीमेपलीकडच्या संकेश्वरचा, फार अदबशीर, मालकांना दर वाक्याला "सर" म्हणायचा. मालकांनी त्याचं काही ऐकलं नाही. त्यांनी काळीला एक फेरी मारली, मागच्या बाजूला दोन थापा दिल्या, खाली वाकून चाकं बघितली. बाजारात म्हैस बघतात तशीच बघितली. कास तेवढी चाचपायची राहिली.

"सहा एअरबॅग आहेत, सर," श्रीशैल म्हणाला.

"आणि माणसं सात बसत्यात न्हवं? सातव्यानं काय पाप केलंय?"

श्रीशैल थोडा गोंधळला आणि छताकडे वळला. त्यानं बटण दाबलं, काच सरकली, वर आभाळ दिसलं. मालक बराच वेळ वर बघत राहिले. "छताला भोक पाडून वर जादा पैसं घेताय व्हय?" असं म्हणाले खरे, पण बटण त्यांनी स्वतः चारदा दाबून बघितलं.

मी पांढरीत बसलो होतो. गिअर हातात आला, जीव थंड झाला. तेवढ्यात श्रीशैल म्हणाला, "सर, काळी ऑटोमॅटिक आहे. क्लच नाही, गिअर नाही. फक्त ब्रेक आणि ॲक्सिलेटर."

मालक थांबले. "म्हंजे डाव्या पायाला कामच न्हाय?"

"काहीच नाही, सर."

"आरं, मग ही मलाबी यील की!"

मी पांढरीचा गिअर घट्ट धरला. क्लच होता म्हणून मी होतो. मालकांना क्लच म्हणजे काय हे माहीत नव्हतं, यावर माझ्या घरची चूल चोवीस वर्षं पेटली. आता तोच काढून टाकला तर ज्ञानूला कशाला ठेवायचं? छप्पन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण ड्रायव्हर ठेवणार?

आणि खरं सांगायचं तर दुसरा कोणी ठेवणारच नव्हता. माझा डावा गुडघा गेलेला आहे. डॉक्टर म्हणाले होते, क्लच सोडा. मी डॉक्टरच सोडला. रोज सकाळी धोंडुबाई, म्हणजे आमची मंडळी, तेल चोळायची आणि वर तोंड सोडायची, "सांगा की मालकांना, ते काय खात्यात व्हय तुमाला?" पण दुखतं म्हणून सांगणं म्हणजे आपल्या हातानं किल्ली ठेवून येणं. मालकांसमोर मी ताठ चालायचो आणि कोपऱ्यावर वळलो की भिंत धरायचो.

त्या दिवसापासून मी काळीच्या मागे लागलो. आधी सांगितलं, आजऱ्याच्या वाटेला चढावर असली गाडी मागं घसरते. श्रीशैलनं तिला एका चढावर नेऊन उभी केली आणि ब्रेकवरचा पाय काढून दाखवला. हलली नाही, टवळी. मग सांगितलं, असल्या गाडीत माणसाला झोप लागते. मालक म्हणाले, "मी तर जीपमधीबी झोपत हुतो." शेवटी वैतागून मी म्हणालो, "बाकी ऱ्हाऊ द्या मालक, हिच्या मागं बिजली येणार न्हाय. म्हशीला गिअरचा आवाज लागतोय."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "ह्ये बेस बोललास. मग बिजलीलाच इचारू."

श्रीशैलला कळायला पाच मिनिटं गेली. गाडी म्हशीला दाखवायची आहे हे पटायला आणखी पाच. पण दसरा तोंडावर आला होता आणि एवढी मोठी गाडी घेणारं गिऱ्हाईक रोज येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काळी तो घेऊन आला, पांढरी मी आणली आणि गोठ्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर परीक्षा ठरली. मालक बांधावर खुर्ची टाकून बसले. बिजली मधोमध उभी राहून रवंथ करत होती.

आता माझं पाप सांगतो. बिजलीला गिअर कळत नाही आणि गाडीचा रंगही कळत नाही. तिला माझा हॉर्न कळतो. दोन आखूड, एक लांब, आणि वर काचेतून डोकं काढून "ह्यो ह्यो ह्यो" अशी हाळी. ती पारडू होती तेव्हापासूनची सवय. हे मी आणि ती सोडून कोणाला माहीत नव्हतं.

आधी काळी. मी एकच सरळ लांब हॉर्न दिला, काच बंद ठेवली आणि निघालो. आरशात बघितलं तर बिजली शेपटीनं माशा हाकलत होती. मालकांनी तोंड पाडलं. श्रीशैलनं तर बिजलीला हात जोडले.

मग पांढरी. दोन आखूड, एक लांब, "ह्यो ह्यो ह्यो!" बिजली अशी उधळली की श्रीशैल बांधावर चढला. रस्त्याच्या टोकापर्यंत ती माझ्या मागे. मी मनात म्हणालो, ज्ञानू, वाचलास.

"आता सावकाश!" मालक बांधावरून ओरडले. "पाडव्याला गर्दीत आसतंय तसं. पायरी पायरीनं घे!"

म्हणजे अर्ध्या क्लचवर. एक मिनिट झालं, दोन झाली. गुडघ्यात कोणी पेटती काडी धरल्यासारखं झालं. मी दात आवळले, देवीचं नाव घेतलं. बिजली मागे मजेत दुडकत येत होती. बांधावरून मालकांचा आवाज चालूच, "हळू, ज्ञानू, हळू!" "हळूच हाय की!" असं मी म्हणालो आणि त्याच क्षणाला पाय थरथरून क्लचवरून सुटला. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली.

म्हशीला ब्रेक नसतो.

धाडकन आवाज झाला. "अय्योऽऽ!" श्रीशैलनं कानडीत हंबरडा फोडला. पांढरीच्या मागच्या दाराला परातीएवढा पोचा पडला आणि बिजली, काही झालंच नाही अशी, त्या पोच्याला नाक लावून हुंगत उभी राहिली.

मालक बांधावरून उतरून माझ्या काचेशी आले. मी घाईघाईनं म्हणालो, "क्लच खराब हाय, मालक. कंपनीचाच..."

"क्लच नवा हाय," मालक म्हणाले. "गुडघा जुना हाय."

मी गुडघ्यावरचा हात पटकन उचलला.

"तीन म्हैनं बघतोय. सिग्नलला गाडी उभी ऱ्हायली की तुजा हात गुडघ्यावर. उतरताना दार धरतोस. आरं, चाळीस जनावरांचं पाय रोज बघतोय मी. लंगडं जनावर मला रस्त्याच्या पल्याडनं कळतंय, आन् माज्या म्होरं चोवीस वर्सं बसलेला माणूस कळणार न्हाय व्हय?"

"मग बोलला न्हाईसा ते?"

"तू बोलला न्हाईस ते!" मालक एवढ्या जोरात ओरडले की बिजलीनं मान वर केली. "बिनक्लचची गाडी कुणासाठी बघत हुतो मी? माज्यासाठी?"

माझा संताप झाला. माझाच मला. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मीही आवाज चढवला. "तुमीच म्हनलासा न्हवं, मलाबी यील म्हणून! मला वाटलं, आता ज्ञानूला घरी बसवत्यात."

"व्हय, म्हनलो! तुजा पाय लैच दुखायला लागला तर तुला घरला कोण सोडणार? तू काय मंगळवार पेठेपतूर रांगत जाणार हाईस?"

मी गुडघा चोळत बसलो. आता चोळायला हरकत नव्हती. मालकांनी श्रीशैलच्या खांद्यावर हात टाकला. पोच्याचं आपण बघतो म्हणून सांगितलं, गोठ्यातलं निरसं दूध पाजलं आणि काळी नक्की केली.

पाडव्याला काळी निघाली. तिला झेंडूच्या माळा, बिजलीला मोरपिसं, आणि छताच्या भोकातून कमरेपर्यंत बाहेर आलेले फेटेवाले मालक. मी हॉर्न दिला. दोन आखूड, एक लांब. काचेतून डोकं काढून हाळी दिली. बिजली सुसाट आली. टाळ्या, शिट्ट्या, हलगी, काही विचारू नका. गर्दीतून तासभर पायरी पायरीनं गाडी नेली आणि डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून होता.

मालक वरून खाली वाकले. "ज्ञानू, दसऱ्याच्या टायमाला काळीमागं ही का आली न्हाय रं?"

"सवय नसंल, मालक."

"म्हशीला न्हवती, का तुला?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा वर गेले. त्यांना सगळं कळलं होतं. पायाबद्दलही आणि हॉर्नबद्दलही.

दुपारी गोठ्यावर जेवणं झाली. किल्लीसाठी मी हात पुढे केला तर मालकांनी ती मुठीत धरली. महिनाभर मी त्यांना मोकळ्या रस्त्यावर शिकवत होतो. कागदोपत्री लायसन्सही झालं होतं. ते म्हणाले, "आज तू मागं बस. सणाचं घरला सोडतो."

जन्मात पहिल्यांदा मी मागच्या सीटवर बसलो. सीट चांगली होती, पण बसवेना. हात कुठं ठेवावेत कळेना. मालक दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, मिशी काचेला लागेल इतके पुढे वाकून बसले होते. मिरजकर तिकटीच्या चौकात आलो आणि समोरून एक रिक्षा घुसली. माझा डावा पाय आपोआप क्लच दाबायला गेला, उजवा ब्रेकला, आणि दोन्ही मालकांच्या सीटच्या पाठीवर आपटले.

"हळू, मालक, हळू!" मी ओरडलो.

मालकांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"हळूच हाय की!"