ग्लेनिसची पाचवी खेप

"ट्रेव्हर, माझं जॅकेट कुठंय?"

"दोरीवर," ट्रेव्हर टोस्टला लोणी फासत म्हणाला. "वाळलं असेल एव्हाना. म्हटलं, एवढा मोठा दिवस, तुला जरा स्वच्छ..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. ग्लेनिस अनवाणीच परसात धावली. ट्रेव्हरच्या दोन पायजम्यांच्या मधोमध तिचं बिनबाह्यांचं डेनिमचं जॅकेट चिमटे लावून टांगलेलं होतं. तिने ते नाकाशी नेलं. लॅव्हेंडर!

आता यात काय बिघडलं, हे ज्याला कळत नाही त्याला सांगूनही कळायचं नाही. हेवी मेटलवाल्या माणसाचं जॅकेट धुवायचं नसतं. अडतीस वर्षांचा घाम, बिअर आणि धूळ त्यात मुरलेली होती. पाठीवर 'ग्रॅनाइट विडो' या बँडचा भलामोठा कापडी बिल्ला होता, तो ग्लेनिसने बाळंतपणाच्या रजेत हाताने शिवला होता. पोर्ट पिरीच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिची बत्तीस वर्षं गेली. अख्ख्या गावाच्या चादरी तिच्या हाताखालून गेल्या, पण या जॅकेटला तिने पाण्याचा थेंब शिवू दिला नव्हता.

"तू धुतलंस," ती दारात येऊन म्हणाली.

"दोनदा. पहिल्या पाण्याचा रंग बघायला हवा होतास, ग्लेन!"

यानंतर अडीच तास ती त्याच्याशी बोलली नाही. अ‍ॅडलेडचा रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना कापणी झालेली गव्हाची रानं, आणि गाडीत ट्रेव्हर एकटाच बडबडत होता. वाटेत त्याने पेट्रोलपंपावर गाडी थांबवली.

"मटण भरलेली पाई खाणार?"

उत्तर नाही.

"सॉस घालू?"

उत्तर नाही. पाई मात्र तिने खाल्ली, सॉससकट. राग एकीकडे, भूक एकीकडे.

ट्रेव्हरला त्या संगीताची मुळीच आवड नव्हती. तो गावच्या लॉन बोल्स क्लबाचा सेक्रेटरी. त्याच्या लेखी हिरवळीवर चेंडू हळूच थांबला की तोच परमानंद. पण आज तो स्वतःहून निघाला होता, कारण आधीच्या चार खेपा त्याला पाठ होत्या. 'ग्रॅनाइट विडो' इंग्लंडहून पहिल्यांदा आला तेव्हा तिकीट हातात असताना थोरली लेक तीन आठवडे आधीच जगात यायला निघाली. दुसऱ्यांदा सासूबाई न्हाणीघरात पडल्या. तिसऱ्यांदा ढोलवाल्याचा हात मोडला आणि कार्यक्रमच रद्द झाला. चौथ्यांदा गाडीपुढे कांगारू आला. कांगारू उठून उड्या मारत निघून गेला, गाडी मात्र उठली नाही. आता हा बँडचा निरोपाचा दौरा. गायक नॉर्मन ग्रिम्शॉ चौऱ्याहत्तर वर्षांचा. सहावी खेप नव्हती, आणि हे ग्लेनिसला पक्कं ठाऊक होतं.

तिला एकच गोष्ट हवी होती. शेवटचं गाणं, 'हाडांचं बंदर'. त्याच्या अखेरीस नॉर्मन एक आरोळी ठोकतो, ती सव्वीस सेकंद चालते. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर तिने शंभरदा मोजली होती. ती आरोळी एकदा समोर उभं राहून ऐकायची, मग काय व्हायचं ते होवो.

मैदानाच्या फाटकापाशी रांगेत काळ्या शर्टांचा समुद्र होता. तिच्या मागचा दाढीवाला धिप्पाड गडी नाक वर करून हुंगू लागला.

"मावशी, वास कसला येतोय हो? फुलांचा?"

"माझ्या नवऱ्याने जॅकेट धुतलं."

आजूबाजूची बडबड थांबली. दाढीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली.

"अरेरे. कधी झालं?"

"काल संध्याकाळी."

"फार वर्षांचं होतं?"

"अडतीस."

"आणि नवरा? आहे अजून?"

"हा काय, इथेच उभा आहे."

सगळ्यांनी ट्रेव्हरकडे पाहिलं. बिस्किटी रंगाचा स्वेटर, पांढरेशुभ्र बोल्सचे बूट. "चुकलं माझं," ट्रेव्हर म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं." दाढीवाल्याने सुस्कारा सोडला, हातातल्या ग्लासातली चमचाभर बिअर ग्लेनिसच्या खांद्यावर ओतली आणि म्हणाला, "सुरुवात तर करू या, मावशी." ग्लेनिसला भरून आलं. जगात आपली माणसं असतात ती अशी.

सूर्य अजून मावळायचा होता तेव्हाच बँड मंचावर आला. ग्लेनिस गर्दीच्या मधोमध होती. चार म्हातारे, लांब पांढरे केस, आणि पहिल्या सुरालाच जमीन हादरली. ती रडली. ढसाढसा रडली आणि त्याच वेळी मुठी उगारून ओरडत राहिली. शेजारी ट्रेव्हर कानांत कापूस कोंबून उभा होता आणि दर गाण्यानंतर सभ्यपणे टाळ्या वाजवत होता.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण शेवटून दुसरं गाणं संपता संपता ट्रेव्हरच्या बुटाची नाडी सुटली. बोल्सच्या मैदानावर सुटलेली नाडी म्हणजे बेशिस्त. तो खाली वाकला.

त्या गर्दीचा एक नियम आहे, आणि तो कोणी मोडत नाही. माणूस खाली गेला की त्याला उचलायचं. मग चौकशी. आठ हातांनी ट्रेव्हरला उचललं.

"अहो, मी पडलो नाही! नाडी! नाडी बांधत होतो!"

कोण ऐकतंय! सेक्रेटरीसाहेब हातोहात, लोकांच्या डोक्यांवरून मंचाकडे निघाले. स्वेटर वर सरकलेला, पांढरे बूट आभाळाकडे, त्यातला एक वाटेतच गळाला. लोकांनी जल्लोष केला. सकाळपासून पहिल्यांदाच ग्लेनिस पोट धरून हसली.

आणि मग 'हाडांचं बंदर' सुरू झालं.

असं पुढे गेलेल्यांना कठड्यापलीकडे उतरवून बाजूला नेतात, हे तिला माहीत होतं. ट्रेव्हरच्या काळजाच्या रक्तवाहिनीत गेल्या हिवाळ्यात स्टेंटची जाळी बसवली होती, आणि त्याच्या गोळ्या होत्या तिच्या खिशात. "मरत नाही तो," ती स्वतःशी म्हणाली, आणि पहिलं कडवं उभी राहिली. दुसऱ्या कडव्याला तिने एक सणसणीत शिवी हासडली, मंचाकडे पाठ केली आणि कोपराने वाट काढत निघाली.

मंचाच्या कडेला प्रथमोपचाराचा तंबू होता. ट्रेव्हर एका पायात बूट घालून खुर्चीवर पाणी पीत बसला होता. चेहरा लालबुंद, पण खुशीत.

"ग्लेन! मी त्याला अगदी जवळून पाहिलं! सोन्याचा दात आहे त्याला!"

"गोळी घे."

"मला काही झालेलं नाही."

"गोळी घे म्हणते ना! पाचव्यांदा, ट्रेव्हर. पाचव्यांदा!"

नर्सने तिच्या खांद्याला हात लावला. "बाई, जरा मागे वळा."

काळ्या पडद्याला फट होती, आणि फटीपलीकडे, दहा पावलांवर, नॉर्मन ग्रिम्शॉ बसला होता. मंचावर गिटारवाल्याचं एकट्याचं वाजवणं चाललं होतं, तेवढ्यात तो आडोशाला आला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. शेजारचा माणूस मान हलवून नको म्हणत होता.

"याला थांबवायला हवं," ट्रेव्हर पुटपुटला.

"गप्प बस."

नॉर्मनने मुखवटा काढला. उठायला गेला, जमलं नाही. आधाराला आलेला हात त्याने बाजूला सारला, पुन्हा जोर लावला आणि उठला. मग छाती काढून उजेडात गेला.

आरोळी सुरू झाली. ग्लेनिसने घड्याळाकडे पाहिलं नाही, तरी आकडे आपोआप मोजले गेले. नऊवर त्याचा आवाज चिरकला. पण तो आवाज खाली पडलाच नाही, वीस हजार गळ्यांनी तो उचलून धरला. सव्वीस झाले, तीस झाले, थांबायचं नाव नाही.

लोकांचा गजर चालूच होता, आणि नॉर्मन पुन्हा पडद्याआड आला. अखेरच्या नमस्काराला त्याला परत मंचावर जायचं होतं. शर्टाचं मनगटावरचं बटण सुटलं होतं. ते लावायला त्याने बोटं नेली, ती नीट वळेनात. एकदा निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं. मदतीला कोणी पुढे झालं नाही, आणि त्याने कोणाकडे पाहिलंही नाही.

नर्सने ग्लेनिससाठी खुर्ची पुढे केली. तिने नको म्हणून मान हलवली. नॉर्मनचं बटण लागेपर्यंत ती उभीच राहिली.