मोडीतलं घंगाळ

जिनदाससेठला पुस्तकांचा राग नव्हता. त्याला राग होता तो केकवालीचा.

ही केकवाली शेलूबाजारात राहत नव्हती, पियूषच्या पुस्तकात राहत होती. पियूष म्हणजे जिनदासचा एकुलता एक मुलगा. बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. भांड्यांच्या दुकानात बसायचा बापाच्या शेजारी, पण डोळे पुस्तकात. कुरिअरने पुस्तकं यायची, सगळी एकाच मालिकेची, आणि गोष्ट दर वेळी तीच. कुठल्याशा परदेशी गावात एका बाईचं केकचं दुकान. गावात खून पडतो. पोलीस सगळे गाढव. मग ही बाई गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकते, कोणी काय विकत नेलं ते आठवते आणि खुनी शोधून काढते. शेवटी सगळे जण तिच्या दुकानात बसून केक खातात.

"अन् तवा गल्ल्यावर कोण बसते?" पहिल्याच पुस्तकाची गोष्ट ऐकून जिनदासने विचारलं होतं.

"म्हणजे?"

"ते बाई खुन्याच्या मांगं फिरून राह्यली. मंग दुकानात कोण हाय?"

पियूषने दोन पानं मागे जाऊन पाहिलं. "असंल कोणी. ते महत्त्वाचं नाई बाबा."

इथेच जिनदासचं डोकं फिरलं. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात तो अक्षता पडून गेल्यावर पोचला होता, कारण त्या दिवशी शेलूबाजारचा आठवडी बाजार होता. चाळीस वर्षं ज्याने गल्ला सोडला नाही, त्याच्यासमोर त्याचाच मुलगा सांगतो की गल्ल्यावर कोण बसतं ते महत्त्वाचं नाही. ही केकवाली भर दुपारी दुकान बंद करून लोकांच्या खिडक्यांतून डोकावते आणि तरी तिचा धंदा वाढतोच. शेजारी मुडदा पडलेला, आणि दुसऱ्या दिवशी केकला रांग. ना कोणाला सुतक, ना कोणी रडत. मेलेला माणूस कोणाचा तरी बाप असेल, नवरा असेल, हे त्या अख्ख्या गावात कोणाच्या मनात येत नाही.

"काय गोड लागते तुले यात?" एकदा त्याने सरळच विचारलं.

पियूष प्रामाणिक होता. म्हणाला, "बरं वाटते बाबा. साधी दुकानदार हाय, पण सगळ्या गावापेक्षा हुशार निघते."

जिनदासला हसावं की रडावं कळेना. दुकानदाराला सगळं कळतं, हे सांगायला पुस्तक कशाला हवं? कोणाच्या घरी भाऊ वेगळे झाले ते भांडेवाल्याला आधी कळतं, कारण दुसरा तवा आणि दुसरा पोळपाट विकला जातो. कोणाची सोयरीक मोडली तेही कळतं, कारण लग्नाच्या भांड्यांवर नाव टाकू नका म्हणून निरोप येतो. कोणाच्या घरात ताटं आपटली जातात, तेही चेपलेल्या ताटावरून समजतं. कळण्यात कसली आली हुशारी? कळून तोंड बंद ठेवायचं, हा धंदा. झाकली मूठ सव्वा लाखाची. केकवालीला हे कोणी शिकवलं नव्हतं. शेलूबाजारात तिचं दुकान दिवाळीपर्यंतही टिकलं नसतं.

जिनदासच्या दुकानात तर याचा कायदाच होता. लोक जुनी पितळी भांडी मोडीत आणून देतात, म्हणजे वजनावर विकून टाकतात. आता आपल्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव असतं. आंदणातलं असेल तर आईबापाचं, आहेरातलं असेल तर मामा-मावशीचं, खाली तारीख. अडचण असल्याशिवाय आंदणाचं भांडं कोणी मोडीत काढत नाही, आणि काढतं तेव्हा घरात सांगून काढतंच असं नाही. म्हणून जिनदासच्या बापाने घालून दिलेलं होतं: मोडीच्या भांड्यावरचं नाव वाचायचं नाही. आणणाऱ्याची पाठ वळली की कानस घ्यायची आणि नाव घासून टाकायचं. पियूषला हे पन्नासदा सांगून झालं होतं. तो हो म्हणायचा आणि पान उलटायचा.

त्या सोमवारी वच्छलाबाई आली. विहाराजवळच्या वस्तीत राहणारी, वयाने पन्नाशीची. जीपवाल्या राजपालच्या घरी झाडलोट, धुणंभांडी करायची आणि हंगामात त्याच्याच शेतात निंदायला जायची. तिने पोत्यातून एक पितळी घंगाळ काढलं, जुनं, जाड, दोन हातांनी उचलावं लागेल असं.

"सेठ, ज्याचं हाय त्यानंच देलं," ती हळूच म्हणाली. "नाव वाचू नका."

"वाचत नाई," जिनदास म्हणाला.

आणि त्याने वाचलं नाही. वाचायची गरजही नव्हती. आठ दिवसांपूर्वी राजपालची बायको अंजना दुकानात आली होती. तिने एक साधा पेला घेतला आणि पळ्यांकडे बघत बघत विचारलं, "काका, जुनं पितळ काय भावानं घेता?" राजपालच्या तीन जीपा हायवेवर चालत आणि त्याचा हात घरात चाले. दोन्ही गोष्टी बाजाराला ठाऊक होत्या. अंजनाला पैसे कशाला हवेत, हे जिनदासने तेव्हा विचारलं नाही, आताही विचारलं नाही. बाई आपलं आंदण विकते, तेव्हा तिने विचार केलेला असतो.

वच्छलाबाई गेल्यावर त्याने कानस घेतली. तारीख गेली, 'आईबाबांकडून' गेलं. 'अंजना' राहिलं, तेवढ्यात त्याचं लक्ष बाहेर गेलं. ऊन शेंड्यावर चढलं होतं. जिनदास सूर्य बुडाल्यावर अन्नाला शिवत नसे. लहानपणापासूनचा नेम, एकदाही मोडलेला नाही. घंगाळ पालथं घालून त्याने मागच्या कोपऱ्यात सारलं, पियूषला गल्ल्यावर बसवलं आणि जेवायला घरी गेला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा एक नाव अर्धं राहिलं, ते दोन पोळ्यांसाठी.

परत आला तर पियूष मोबाइलचा उजेड पाडून घंगाळाभोवती फिरत होता.

"बाबा, हे अंजनावहिनीचं घंगाळ हाय. वच्छलाबाई आणून देते, अन् नाव अर्धं घासलेलं. कायले?"

"मी घासलं. मोड हाय ते. ठेव खाली."

"पण तिच्याजोळ आलं कुठून?"

"पियूष, मोडीच्या भांड्यावरचं नाव आपण वाचत नाई. आता किती डाव सांगू?"

"बरं," पियूष म्हणाला. इतक्या लवकर तो कधी बरं म्हणत नसे. जिनदासला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण कानस घेऊन पुन्हा बसावं तर मुलगा डोळे लावून बसलेला. सकाळी घासू, असं म्हणून त्याने दुकान वाढवलं.

सकाळी मंदिरातून तो दुकानावर आला तर शटर खाली. कुलूप लावलेलं. गल्ल्यावर कोणी नाही.

"पियूष राजपालकडे गेला ना घंगाळ घेऊन," शेजारचा चप्पलवाला म्हणाला. "म्हणे चोरी पकडली."

सत्तरी गाठलेला जिनदास हायवे ओलांडून धावत सुटला. एका जीपवाल्याने शिवी हासडली. ती त्याने ऐकली नाही.

राजपालच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. मधोमध घंगाळ, आणि घंगाळाशेजारी पियूष, पाठीमागे हात बांधून उभा. असा उभा राहायला तो कुठे शिकला हे जिनदासला न सांगता कळलं. शेवटच्या प्रकरणात केकवाली अशीच उभी राहत असणार.

"...म्हणजे चोर बाहेरचा नाई," पियूष सांगत होता. "घरात रोज येते-जाते, जिले कोणी विचारत नाई, असं माणूस हाय. अन् काल सांजच्या पह्यले तेच माणूस आमच्या दुकानात आलं."

सगळ्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या वच्छलाबाईकडे पाहिलं. खरं तर ते आधीपासूनच तिच्याकडे बघत होते. पुस्तकातला चोर शेवटच्या पानापर्यंत सापडत नाही. शेलूबाजारात तो पहिल्या पानावरच ठरलेला असतो, वस्ती बघून. त्याला हुडकायला केकवाली लागत नाही, कोणीही उंटावरचा शहाणा चालतो. जिनदासला आपल्या मुलाची अशी किळस आली की क्षणभर त्याने मान फिरवली.

राजपालच्या हातात फोन होता. "ठाण्यात लावतो," तो म्हणाला. मग दाराकडे वळला. "अंजना, तू देलं काय हे कोणाले?"

अंजनाने चौकट घट्ट धरली होती. तिच्या मनगटावर जुना निळा डाग होता. "मले माहीत नाई," ती म्हणाली.

वच्छलाबाईने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग जमिनीकडे पाहिलं. एका वाक्यात तिची सुटका झाली असती. तिने ते वाक्य उच्चारलं नाही. पोलीस येणार, वस्तीसमोरून जीप जाणार, पुन्हा कोणत्याही घरात काम मिळणार नाही, हे सगळं तिला कळत होतं आणि तिचे ओठ मिटलेले होते. असं तोंड बंद ठेवणारं माणूस जिनदासने आपल्या धंद्यातही दुसरं पाहिलं नव्हतं.

"फोन ठेव राजपाल," जिनदास म्हणाला.

माणसं बाजूला झाली. त्याला दम लागला होता. त्याने घंगाळावर हात ठेवला.

"वच्छलाबाईनं चोरलं नाई. मीच तिले म्हटलं होतं, तुह्या मालकाच्या घरच्या घंगाळाचा तळ गेला हाय, आणून दे, जोड लावून देतो. तिनं माह्या शब्दावर आणलं. घरात विचारू नको, असं बी मीच सांगतलं. अंजनाले काय माहीत राहीन?"

"तळ तं चांगला हाय," राजपाल घंगाळ उलटं करून म्हणाला.

"चांगलाच हाय." जिनदासने घासलेल्या जागेवर बोट ठेवलं. आयुष्यात त्याने वजनात गुंजभर फसवलं नव्हतं. संवत्सरीला क्षमा मागायला जायचा तेव्हा लोक म्हणायचे, सेठ, तुमाले कायची माफी? "जुनं पितळ हाय. आता असं भेटत नाई. माह्या मनात खोट आली. नाव घासून दडपावं म्हटलं. इचार माह्या पोराले, नाव कोणं घासलं ते."

राजपालने पियूषकडे पाहिलं. पियूषचं तोंड उघडं होतं. "बाबांनीच घासलं," तो पुटपुटला.

अंगणात कोणीतरी हसलं. राजपालही हसला, फोन खिशात टाकला. "सेठ, तुमीबी? अन् सकाळी मंदिरात पह्यला नंबर तुमचा." मागून एक आवाज आला, आता आपल्याबी घरचे भांडे मोजा लागतील. जिनदास खाली मान घालून ऐकत राहिला. त्याला लाज वाटत होती, खरीखुरी, जणू सगळं खरंच होतं. वच्छलाबाईने पदर खोचला आणि कोपऱ्यातला खराटा उचलून कामाला लागली. अंजना आत निघून गेली. घंगाळ तिथेच राहिलं.

बापलेक परत आले. दुकान उघडलं, उदबत्ती लागली, पियूष बापाशेजारी बसला. मग हळूच म्हणाला, "मले कालच कळायले पाहिजे होतं बाबा. तुमी नाव घासलं असं तुमीच सांगतलं होतं. अन् मी तिकडं ध्यानच देलं नाई."

जिनदास तराजू पुसत राहिला.

"पुस्तकात असंच असते," पियूष पुढे म्हणाला. "ज्याच्यावर कोणाचाच संशय नाई, नेमका तोच निघते." त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. माणूस हाय, होते चूक. मी काई मनात ठेवत नाई."

मुलाने माफ केलं होतं! खरं सांगायला जिनदासच्या जिभेवर शब्द आले होते. पण पियूषला सकाळी कळलेलं दुपारी जीपस्टँडला कळतं, आणि जीपस्टँड म्हणजे राजपाल. त्याने शब्द गिळले. असल्या मूर्खाला पोसलं, वाढवलं, लग्न करून दिलं, याचं त्याला पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दुःख झालं.

पुढचे पंधरा दिवस गिऱ्हाईक तराजूकडे दोनदा बघायचं. काही जण सरळ पुढच्या दुकानात जायचे. जिनदास बसून राहायचा. पियूष मात्र आता बापावर नजर ठेवून असे, प्रेमाने.

मग एका दुपारी एक अनोळखी तरुण बाई आली. लुगड्यात गुंडाळलेलं भांडं तिने ओट्यावर ठेवलं, नाव खाली करून.

"वच्छलाबाईनं सांगतलं," ती म्हणाली. "म्हणे, देशील तं याच दुकानात दे."

जिनदासने मान हलवली. त्याने तराजू पुढे ओढला. पियूष लगबगीने उठला. "बाबा, तुमी राहू द्या, मी पाह्यतो. सगळं नाव-गाव नीट इचारून घेऊ." त्याने भांडं उलटं करायला हात घातला.

जिनदासने तो हात धरला आणि बाजूला केला. गल्ल्याखाली ठेवलेलं केकवालीचं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ बाहीने पुसली आणि मुलाच्या हातात दिलं.

"तू बस," तो म्हणाला. "आपलं पुस्तक वाच."

पियूष खूश झाला. बाप इतक्या दिवसांनी सुधारला, असं त्याला वाटलं असावं. तो पुस्तक उघडून बसला, आणि जिनदासने भांडं मागे नेऊन कानस घेतली.