खलनायकाची मिशी, नायकाच्या ओठावर

मी एक जुनी खोटी मिशी आहे. बारीक जाळीवर एकेक खरा केस ओवून केलेली. वारज्यातल्या एका गणेश मंडळाच्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी राहते. मित्रांनो, मिशीला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण तीस-पस्तीस गणेशोत्सवांत मी जेवढे दुष्ट जवळून पाहिले, तेवढे पोलीस चौकीनेही पाहिले नसतील.

मला घडवलं शहरातल्या दिगंबर नावाच्या रंगभूषाकारांनी. मंडळाचे संभाजी मला न्यायला आले, तेव्हा दिगंबर म्हणाले, "मिशी भारदस्त केली आहे. भारदस्त अभिनय आमच्याकडे मिळत नाही." संभाजी नुसते हसले. शेतकरी माणूस, स्वभावाने गरीब. पण मला लावून स्टेजवर आले, की पुढे बसलेली पोरं आईच्या पदराआड जायची.

आमचा देखावा जिवंत असतो. म्हणजे माणसं खरी, पण संवाद आधीच रेकॉर्ड केलेले. आवाज कर्ण्यातून येतो आणि माणसं त्यावर ओठ हलवतात. रोज संध्याकाळी तेच छोटं नाटक सात-आठ वेळा. आणि नाटक कसलं, तर त्या वर्षी जो चित्रपट चालला असेल त्यावर बेतलेलं.

त्यामुळे यंदा लोकांचा राग कोणावर आहे, हे मला दरवर्षी कळायचं. आधी मी सावकाराला लागले. मग पांढऱ्या बुटांच्या तस्कराला, मग धरणाचं सिमेंट खाणाऱ्या पुढाऱ्याला. वारज्यातली शेतं विकली जाऊ लागली तेव्हा बिल्डरला लागले. त्या वर्षीइतक्या शिव्या मी कधी खाल्ल्या नाहीत. पुढच्या वर्षी एक बिल्डरच मंडळाचे मोठे देणगीदार झाले आणि दुष्ट माणूस तातडीने सीमेपलीकडे राहायला गेला. नंतर घरोघरी मालिका आल्या, सगळा दुष्टपणा सासवांकडे गेला आणि मी चार वर्षं डब्यात पडून राहिले. मुलांच्या मोबाईलवरच्या खेळांत तर शत्रूला चेहराच नसतो, नुसतं टिपायचं. तिथे मिशी कोणाला हवी? खरं सांगते, मी थकले होते.

यंदा डबा उघडला विश्वजीतने. तो मंडळाचा नवा अध्यक्ष, महापालिकेच्या निवडणुकीची तयारी करणारा. त्याने आरशासमोर मला स्वतःच्याच ओठावर धरलं. "यंदा ही हिरोला लावायची. हल्ली हिरो असाच असतो, एकदम रफ." संभाजी आता सत्तरीचे, त्यांना नायिकेच्या बापाचं काम दिलं. नायिका त्यांचीच नात अपेक्षा, कॉलेजात शिकणारी.

बढती मिळाली, मला आनंद व्हायला हवा होता. पण हा नायक करत काय होता? मुलीची वाट अडवत होता, तिच्या मित्राला बडवत होता आणि ती नाही म्हणाली की तिच्या थोबाडीत मारत होता. मित्रांनो, हे सगळं मी पूर्वीही केलंय. तेव्हा त्याला खलनायक म्हणत.

रेकॉर्डिंगच्या वेळी अपेक्षाला सुटी सुटी वाक्यं वाचायला दिली होती. पूर्ण नाटक तिला कळलं ते थेट तालमीत.

"विश्वजीतदादा, थोबाडीत खाऊन वर मीच माफी मागते? हे काढा."

"अगं, पिच्चर बघितलास ना? पब्लिक उभं राहून नाचत होतं. आणि आता रेकॉर्डिंग चेंज होत नाही. फ्लेक्स लागलेत. आबा, तुम्ही समजवा हिला."

संभाजींनी नातीला बाजूला घेतलं. "पोरी, सोंग हाय ते. धा दिसांचं. म्या न्हाय का जल्मभर स्टेजवर वाईट वागलो?"

"आबा, तुम्ही वाईट वागलात तेव्हा लोक तुम्हाला वाईट म्हणायचे."

तरी आजोबांचा शब्द पडू नये म्हणून ती उभी राहिली. चार दिवस रोज सात-आठ वेळा थप्पड बसली आणि रोज टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. बायकाही टाळ्या वाजवत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी टाळ्यांच्या भरात विश्वजीतचा हात खरोखरच लागला. अपेक्षाचा गाल लाल झाला. अर्ध्या तासाने पुढचा खेळ सुरू झाला. विश्वजीतने हात उगारला आणि अपेक्षाने तो वरच्या वर धरला. कर्ण्यातून मात्र ठरल्याप्रमाणे फाडकन आवाज आला. मागोमाग तिचाच आवाज आला, "सॉरी, चुकले मी. मला माफ करा." अपेक्षाने ओठ घट्ट मिटले होते आणि लोकांकडे पाहत ती नकारार्थी मान हलवत होती. मग संभाजींचा आवाज आला, "बरं केलंत, जावईबापू." संभाजींनी नातीकडे पाहिलं आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. ओठ हलत होते ते फक्त माझ्याखालचे.

या वेळी टाळी पडली नाही. पुढे बसलेली एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "आई, ताई तर गप्प आहे. मग सॉरी कोण म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी नवी मुलगी आणली, नवा बाप आणला. रेकॉर्डिंग तेच. अपेक्षाच्या आवाजावर आता ती मुलगी ओठ हलवून माफी मागते आणि टाळ्या पूर्वीसारख्याच पडतात. आपला आवाज तरी काढून टाका, हे सांगायला अपेक्षा दोनदा येऊन गेली. विसर्जनानंतर बघू, असं तिला सांगितलं.

मित्रांनो, डब्यात एक डांबरगोळी टाका, एवढंच मागायचं माझं वय. पण मागते आहे ते वेगळंच. मला ज्याच्या ओठावर चिकटवतील, तिथे मला राहावं लागतं. तुम्ही खाली उभे असता, तुमचे हात मोकळे असतात. ते कोणासाठी वाजवायचे, हे कर्ण्याला ठरवू देऊ नका.