सुईचा पान्हा

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. उठायचे म्हटले की मागचे पाय कसेबसे उभे राहतात आणि पुढचे गुडघे विचार करत बसतात. दात झिजले, दूध आटले. देवाने मला वाचा दिली नाही, पण रवंथ करायला आठवणी मात्र भरपूर दिल्या. त्यातलीच एक सांगते.

मी या गोठ्यात आले तेव्हा माझे पहिलेच वेत होते आणि धनी तरणाबांड होता. कासेला हात लावण्याआधी तो ऊन पाण्यात हात बुडवून घेई. मग रेडकू सोडी. रेडकाने दोन ढुशा दिल्या की माझ्या अंगातून काहीतरी ऊनऊन खाली उतरत येई. त्यालाच पान्हा म्हणतात. तो ओढून येत नाही आणि त्याला हुकूमही चालत नाही. देवाची दया जशी आपल्या पावलांनी येते, तसाच तोही येतो.

एकदा माझ्या खुरात खिळा रुतला. तो काढताना धनीच कळवळला.

"खिळा तिला लागलाय की तुम्हाला?" मालकीणबाई हसली.

"लागला तिला, कळ आली मला," तो म्हणाला.

असा माणूस होता. गिऱ्हाईक दुधाचे कौतुक करी, तेव्हा तो माझ्याकडे बोट दाखवी.

पुढे पेंडीचे पोते उचलताना त्याच्या कमरेत उसण भरली, ती जाईना. डॉक्टरने थोड्या दिवसांपुरत्या जबर गोळ्या दिल्या. याने त्या दुकानातून परत परत आणल्या आणि वर्ष उलटले तरी सोडल्या नाहीत. ठणका गेला, पण एकटा गेला नाही. मालकीणबाईचा हात तव्यावर भाजला, तर हा म्हणाला, "बरं, चहा ठेव." शेजारचा जुना सोबती गेल्याचे कळले, तेव्हाही नुसते "बरं" म्हणाला. त्या घरात 'बरं' फार झाले होते आणि बरे काहीच नव्हते.

मला चुचकारत बसण्याचा धीरही त्याला उरला नाही. कुणीतरी त्याला पान्हा सोडायची सुई आणून दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. मानेत टोचली की दूध धो धो उतरे. बादली भरे आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत उभी राही. ते दूध जणू दुसऱ्याच कुणाचे होते.

अशातच मला शेवटचे रेडकू झाले. मादी होती. तिने ढुशा द्याव्यात, लुचावे, आणि सड कोरडेच राहावेत. माझ्या अंगाला सुईची इतकी सवय झाली होती की सुईवाचून थेंब उतरेना, आणि सुईचे सगळे बादलीत जाई. तिच्या बरगड्या वर आल्या. एके दिवशी ती उठलीच नाही. मी बघत होते, धनीही बघत होता. मित्रांनो, आम्हा दोघांच्याही पोटात काही हलले नाही.

"जगायची असेल तर जगेल," तो म्हणाला.

मालकीणबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर मटकन बसली. "अहो, गोळ्या कंबरेसाठी होत्या ना? तुम्ही तर काळीजच बधिर केलंत."

"दुखत नाही ते बरंच आहे की."

"दुखत नाही ते काळीज कसलं? वरवंटा आहे तो."

तिनेच गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी माझी मान चाचपली, रेडकाच्या जबड्यात बोट घालून पाहिले.

"सुई बंद कर," ते धन्याला म्हणाले. "सुईत जे आहे ना, तेच पिल्लानं ढुशी दिली की हिच्या मेंदूतून आपसूक सुटतं. तू आयतं देत गेलास, अंग आळसावलं."

"मग आता?"

"आता हिच्याजवळ बसायचं. कास ऊन पाण्यानं शेकायची. रेडकाला धरून लुचवायचं, आणि हिचा पान्हा येईपर्यंत बाटलीनं दूध पाजायचं."

"मी काय हिची आई आहे?"

"काही दिवस हो. आणि तुझ्या डॉक्टरांकडे जा. ठणका मारणारं औषध कधी कधी दुसऱ्याचा ठणकाही ऐकू देत नाही. एकदम मात्र सोडू नकोस, ते म्हणतील तसं उतरव."

गोळ्या हळूहळू उतरल्या आणि कंबर पुन्हा बोलू लागली. सुई बंद झाली, दूध बादलीच्या तळाशीच राहू लागले, गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. धनी मात्र उलट्या खोक्यावर येऊन बसे आणि माझ्या कुशीला कपाळ टेकवी.

"उठवत नाही गं," तो मला म्हणे. "मला नाही, तुला नाही, हिलाही नाही. तिघं एकाच माळेचे मणी."

एका सकाळी मालकीणबाईने रेडकाला पोटाखाली हात घालून उभे धरले. माशी बसावी तशी त्याची ढुशी लागली. कुशीला धन्याचे कपाळ ऊन लागत होते. आणि माझ्या आत, फार खोलवर, काहीतरी सैल झाले. थोडेच उतरले, पण माझे मला उतरले. रेडकाच्या गळ्यात घटघट वाजले. मी मान वळवून त्याला चाटू लागले.

"अगं, बघ, फेस आला तोंडाला," धनी म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून वाहू लागले.

"कंबर फार दुखतेय का?" मालकीणबाईने विचारले.

"दुखतेय. सगळंच दुखतंय. असू दे."

मित्रांनो, औषधाला मी नावे ठेवणार नाही. रोग्याला ते देवाचा हात असते. मी थकले आहे, मला आता पेंडही नको, कौतुकही नको. एवढे मात्र मागते. घरात कुणी "मला आता कशाचं काही वाटत नाही" म्हणाले, तर तो शहाणा झाला असे समजू नका. ऊन हात घेऊन त्याच्याजवळ बसा. वेळ लागेल. पान्ह्याला तो लागतोच.